कान असलेली रेकॉर्ड

जॅझच्या रेकॉर्डी जमवणारा माणूस रेकॉर्ड ऐकण्याआधी ती वाचतो. कव्हरवरचं नाव तर काय, कोणीही वाचेल. हा गृहस्थ रेकॉर्ड बाहेर काढतो, दोन तळव्यांमध्ये कडेनं धरतो, दिव्याखाली तिरकी करतो आणि शेवटची धून संपल्यापासून लेबलापर्यंत जी काळी, चकचकीत, मोकळी पट्टी उरते तिच्यात काहीतरी शोधू लागतो. अशा वेळी त्याच्याशी बोलू नये. चहा हवा का, असंही विचारू नये. तो ‘नको’ म्हणतो आणि पाच मिनिटांनी ‘अजून चहा कसा नाही?’ म्हणून आपल्यालाच विचारतो.

आमचे साडू या पंथातले. बँकेत कॅशियर होते. नोकरीभर नोटा उजेडात धरून पाहिल्या, निवृत्त झाल्यावर रेकॉर्डी धरून पाहतात. एकदा न राहवून मी विचारलं, “पण नेमकं शोधताय तरी काय?”

“कान,” ते म्हणाले.

मी गप्प बसलो. सासरच्या माणसांचं काही चुकतंय असं आपण होऊन म्हणू नये. पण कान खरोखरच असतो. ब्लू नोट ही न्यूयॉर्कची जॅझ कंपनी, १९३९ साली निघाली. तिच्या रेकॉर्डी न्यू जर्सीतल्या प्लास्टिलाइट नावाच्या कारखान्यात छापल्या जात, आणि कारखान्याची खूण म्हणून त्या मोकळ्या पट्टीत एक वळणदार ‘पी’ उमटलेला असे. तो आडवा झाला की कानासारखा दिसतो. जगभरचे रसिक त्याला कानच म्हणतात. पुढे ब्लू नोट लिबर्टी नावाच्या कंपनीनं घेतली, १९६६ मध्ये प्लास्टिलाइटचं काम थांबलं आणि कान गेला. त्यामुळे कान असलेली रेकॉर्ड म्हणजे जुन्या घराण्याची आणि बिनकानाची म्हणजे मागाहून आलेली. ऐकण्यासाठी म्हणून चाललेला हा सगळा खटाटोप अखेर एका भिंगातून बघायच्या कानावर येऊन ठेपतो, याचं साडूंना काहीच वाटत नाही.

कान सापडला म्हणजे संपलं असं नाही. मग लेबलावरचा पत्ता. ब्लू नोटच्या जुन्या लेबलांवर कंपनीचा पत्ता छापलेला असे. आधी ७६७ लेक्झिंग्टन अव्हेन्यू, मग ४७ वेस्ट ६३वा रस्ता, आणि नंतर नुसतंच ‘न्यूयॉर्क, यूएसए’. आमच्याकडे पूर्वी स्थळ आलं की मुलगी काय शिकली हे विचारायच्या आत मूळ गाव कुठलं, वाड्यात राहतात की चाळीत, ही चौकशी होई, तसंच हे. लेक्झिंग्टनवाली असेल तर लगेच पसंती. ६३व्या रस्त्याची चालेल, पण बघून. ‘न्यूयॉर्क, यूएसए’ म्हटलं की साडू “हं” म्हणून कव्हर बंद करतात. हँक मोब्ली या सॅक्सोफोनवाल्याची १५६८ क्रमांकाची एक ब्लू नोट आहे. तिच्या काही प्रतींवर एका बाजूच्या पत्त्यात ‘न्यूयॉर्क २३’ असा टपाल विभागाचा आकडा आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही. हजारो डॉलर मोजून लोक ती घेतात. मोब्ली त्यात फार सुरेख वाजवतो. पण ते तो बिनआकड्याच्या प्रतीतही वाजवतोच, हे मी बोलून दाखवलेलं नाही. २०१० साली फ्रेडरिक कोहेन यांनी ब्लू नोटची मूळ छपाई ओळखायची कशी यावर एक अख्खं पुस्तक काढलं. साडूंकडे ते उशाशी असतं.

या सगळ्यात खरा देव रूडी व्हॅन गेल्डर. ब्लू नोटच्या बहुतेक उत्तम रेकॉर्डींचं ध्वनिमुद्रण यानं केलं. त्याच्या नावाची अक्षरंही त्या मोकळ्या पट्टीत उमटलेली असतात आणि ती सापडली की भक्त भिंगासकट हात जोडतात. आता योगायोग बघा. ज्याची सही डोळे फाडून शोधायची, तो व्हॅन गेल्डर दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढत असे. ध्वनिमुद्रण संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी, हॅकेनसॅक गावी, आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात. माइल्स डेव्हिस, थेलोनियस मंक, सॉनी रोलिन्स असली मंडळी त्या दिवाणखान्यात येऊन वाजवून गेली. आईबापांचं तेव्हा काय होत असेल? आमच्या घरी मुलानं गिटारचा क्लास लावला तर वरच्या मजल्यावरून तक्रार आली होती. १९५९ साली त्यानं एंगलवुड क्लिफ्स इथं स्वतःचा स्टुडिओ बांधला आणि चष्म्याचं दुकान सुटलं.

हाच व्हॅन गेल्डर उतारवयात, १९९९च्या सुमारास, आपल्याच जुन्या टेपांवरून नव्या सीडी तयार करायला बसला. भक्तांनी आनंदानं घेतल्या, ऐकल्या आणि म्हणाले, “यानं पार वाट लावली.” फार मोठ्या आवाजात केलंय, स्टिरिओ चेपलाय, पूर्वीची हवा नाही. ज्या माणसानं मूळ सत्रात माइक कुठं ठेवायचा ते ठरवलं, त्यालाच ते सत्र कसं वाजलं होतं हे समजावून सांगणारी माणसं जगात निघाली. त्यात एलपी या वस्तूवर त्याचा स्वतःचा मुळीच जीव नव्हता. डिजिटल आल्यावर सुटलो एकदाचा, अशाच अर्थाचं तो बोलून दाखवायचा. हे मी साडूंना सांगितलं. त्यांनी ते ऐकलं नाही. जॅझ ऐकणाऱ्या माणसाला नको ते न ऐकण्याचीही तयारी असते. ज्या कव्हरांवर लोक जीव ओवाळून टाकतात ती करणारा रीड माइल्स, त्याला तर म्हणे जॅझची फारशी गोडीच नव्हती. तो पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतवाला. म्हणजे देवळाचा कळस बसवणारा वेगळ्याच देवाचा भक्त. तेही साडूंना सांगून झालं.

आता रीइश्यू. एकच रेकॉर्ड पुन्हा पुन्हा बाजारात येते. जपानहून येते, तीवर कमरपट्ट्यासारखी कागदाची पट्टी असते आणि ती पट्टी फाटली तर माणूस सुतकात गेल्यासारखा बसतो. अमेरिकेतून जाड प्लास्टिकवर येते, मोनोत येते, स्टिरिओत येते, ४५च्या वेगाच्या दोन तबकड्यांवर येते. साडू सगळ्या घेतात. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’च्या त्यांच्याकडे किती प्रती आहेत हे ताईंना, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीला, कधीच कळलेलं नाही. कव्हर तेच! एका बाजूला माइल्स, निळसर काळोख. नवी प्रत घरात येते तेव्हा ती जुनीच कुठूनतरी काढल्यासारखी दिसते. रीइश्यू करणाऱ्या कंपन्यांनी जगाच्या नवरा-जातीवर केलेला हा उपकार कुठल्याही पुरस्काराला पात्र आहे.

पण ‘काइंड ऑफ ब्लू’ची गोष्ट खरोखरच मजेची आहे. मार्च आणि एप्रिल १९५९ मध्ये न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया कंपनीच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत, म्हणजे एका जुन्या चर्चमध्ये, ती मुद्रित झाली. २ मार्चच्या सत्रात मुख्य टेप मशीन थोडं हळू चालत होतं. हळू मुद्रित केलेलं नेहमीच्या वेगानं वाजवलं की स्वर चढतो, आणि म्हणून रेकॉर्डची अख्खी पहिली बाजू किंचित चढी वाजते. हे कोणाच्या लक्षात आलं नाही असं नव्हे. त्या रेकॉर्डबरोबर सराव करायला बसलेल्या कित्येक पोरांनी आपलंच वाद्य बेसूर आहे अशी समजूत करून घेतली असणार. १९९२ मध्ये जादा सुरक्षित ठेवलेल्या दुसऱ्या मशीनच्या टेपवरून ते दुरुस्त झालं. तोपर्यंत ३३ वर्षं लोटली होती. एवढ्या काळात चूकच सगळ्यांच्या कानात मुरलेली. दुरुस्त प्रत ऐकून साडू म्हणाले, “जरा थकल्यासारखा वाटतोय हो माइल्स.”

“अहो, तो असाच वाजवत होता.”

“असेल. पण मला भेटला तेव्हा असा नव्हता.”

याला काय बोलणार? त्यांच्या कंपूत यावरून सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो खरा सूर हवा. दुसरा म्हणतो, जगानं जे ऐकलं, ज्यावर पिढ्या घडल्या, तेच खरं; मशीन हळू होतं हेसुद्धा त्या सत्राचं वादन. खरं सांगायचं तर मला दुसऱ्यांचं म्हणणं जास्त पटतं, पण कबूल केलं तर घरी आणखी एक प्रत येईल. गंमत म्हणजे सुरुवातीच्या प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन धुनांची नावंही उलटसुलट छापली गेली होती. ‘ऑल ब्लूज’च्या जागी ‘फ्लेमेंको स्केचेस’ आणि त्याच्या जागी हे. तेव्हा ज्यांनी पहिल्या आठवड्यात धावत जाऊन रेकॉर्ड घेतली, त्यांनी एका धुनेला भलत्याच नावानं दाद दिली. शहाणे लोक या चुकीच्या प्रतीला जास्त किंमत देतात. आपल्याकडे सातबाऱ्यावर असली चूक झाली तर माणूस तलाठ्याच्या दारात उभा जन्म काढतो.

मात्र रीइश्यूच्या इतिहासात न्यूपोर्टसारखं नाट्य दुसरं नाही. ७ जुलै १९५६, न्यूपोर्टचा जॅझ महोत्सव, ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद. मधेच पॉल गोन्साल्विस हा टेनर सॅक्सोफोनवाला उठला आणि एका जागी उभा राहून सत्तावीस आवर्तनं सलग वाजवत गेला. नाव ऐकून आपल्याला वाटतं, हा म्हापशाचा असणार. मुंबईच्या जॅझमध्ये गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस याच वाद्यावर गाजले, त्यामुळे वाटणं साहजिक आहे. पण या पॉलचे आईबाप केप व्हर्डी बेटांकडचे. पोर्तुगीज एकच, वाटेत बेटं वेगवेगळी लागली. तर लोक खुर्च्यांवर चढून नाचू लागले, एलिंग्टनची उतरती कळा त्या एका रात्रीत पालटली. आणि गोन्साल्विस? तो चुकीच्या माइकसमोर उभा होता! समोर दोन माइक. एक कोलंबियाचा, एक व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओचा. भल्या माणसानं सगळा जीव रेडिओच्या माइकात ओतला. त्यामुळे कोलंबियाच्या रेकॉर्डवर इतिहास घडताना लांबून ऐकू येतो. त्यात इतर काही भाग एलिंग्टनला मनासारखे वाटेनात, म्हणून त्यानं ते सोमवारी स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतले आणि त्यावर टाळ्या चिकटवल्या गेल्या. पुढची चार दशकं लोक ही ‘प्रत्यक्ष मैफल’ डोळे मिटून ऐकत होते. नंतर रेडिओची टेप सापडली. १९९९ मध्ये फिल शाप यांनी कोलंबियाचा मोनो एका बाजूला आणि रेडिओचा मोनो दुसऱ्या बाजूला जुळवून त्यातून स्टिरिओ उभा केला. गोन्साल्विस एकदाचा जवळ आला. यावर साडूंचे एक मित्र, दाताचे डॉक्टर, गंभीरपणे म्हणाले, “नव्या प्रतीत टाळ्या जरा कृत्रिम वाटतात.”

टाळ्यांविषयी या मंडळींचा अभ्यास दांडगा असतो. बिल एव्हान्सच्या त्रिकुटानं २५ जून १९६१ रोजी, एका रविवारी, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात जे वाजवलं त्याच्या रेकॉर्डी जगभर गाजल्या. मागे ग्लासांची किणकिण आणि गिऱ्हाइकांच्या गप्पा सारख्या चालू असतात. बास वाजवणारा स्कॉट लाफारो अकरा दिवसांनी मोटार अपघातात गेला, आणि त्याच्या शेवटच्या वादनात शेजारच्या टेबलावरची बाई हसते आहे. आपण हळहळतो. साडू मात्र रीइश्यू तपासतात ते त्या हसण्यावरून. “जपानी प्रतीत ती डावीकडे बसलीय. या नव्यात मधोमध आलीय.” पहिल्याच धुनेच्या पहिल्या वादनात क्षणभर वीज गेली होती, म्हणून ते वादन कित्येक वर्षं गाळलं जाई. २००५च्या संपूर्ण संचात ते त्या खंडासकट छापलं. साडूंनी तो संच फक्त त्यासाठी घेतला. लोडशेडिंग विकत घेणारा माणूस महाराष्ट्रात दुसरा नसेल.

२०२२ साली मात्र या पंथावर मोठंच संकट आलं. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकेतली महागड्या रीइश्यूंची नामांकित कंपनी. तिच्या रेकॉर्डी मूळ टेपवरून थेट, मध्ये संगणकाचा स्पर्श न होता तयार होतात अशी भक्तांची श्रद्धा होती. अॅरिझोनातल्या फीनिक्स शहरातल्या एका रेकॉर्ड दुकानदारानं सांगितलं की मध्ये एक डिजिटल पायरी आहे, आणि ती बरीच वर्षं आहे. कंपनीच्या लोकांनी ते मान्य केलं. मग हाहाकार झाला, कोर्टकचेऱ्याही झाल्या. ग्राहकाला खरं सांगायला हवं होतं, यात वाद नाही. पण ज्या कानांना ‘डिजिटल’ लांबूनच, पाकीट फोडायच्या आत ऐकू यायचं, त्या कानांनी याच रेकॉर्डींना वर्षानुवर्षं ‘बघा, ही खरी टेपची ऊब’ म्हणून गौरवलं होतं. मी साडूंना नुसतं विचारलं, “तुम्हाला कधी शंका आली?”

“आली होती,” ते म्हणाले. “पण दुसऱ्या एका रेकॉर्डविषयी.”

इथपर्यंत हा छंद डोळ्यांचा आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलंच असेल. लेबल, पत्ता, कान, कमरपट्टा. पण या माणसांना दुसरा एक नाद असतो आणि तो बरोबर उलटा. डोळे बांधून ऐकायचं आणि कोण वाजवतंय ते सांगायचं. याची सुरुवात लिओनार्ड फेदर नावाच्या, लंडनहून अमेरिकेत गेलेल्या समीक्षकानं केली. १९४६ मध्ये ‘मेट्रोनोम’ मासिकात आणि १९५१ पासून ‘डाउनबीट’मध्ये. मोठमोठ्या वादकांना बोलवायचं, नाव न सांगता रेकॉर्ड लावायची, ओळखायला लावायचं आणि तारे द्यायला सांगायचं. पाहुण्यांना खरोखर डोळ्यांवर पट्टी बांधत नसत. नुसतं कव्हर दाखवलं नाही तरी माणूस आंधळा होतो हे फेदरला ठाऊक होतं.

रॉय एल्ड्रिज हा स्वतः काळा, थोर ट्रम्पेटवादक. तो फेदरला म्हणाला, वाजवणारा गोरा की काळा ते मी नुसतं ऐकून सांगेन. पैज लागली. १९५१ मध्ये फेदरनं एकेक रेकॉर्ड लावली आणि एल्ड्रिज बऱ्याचदा चुकत गेला. शेवटी त्यानं हार मानली, आणि ती मोकळेपणानं मानली, हे त्याचं मोठेपण. माइल्स डेव्हिसची गोष्ट निराळी. १९६४च्या कसोटीत त्यानं बहुतेकांना असं झोडपलं की वाचताना आपलाच कान लाल व्हावा. एरिक डॉल्फी नको, सेसिल टेलर नको, एलिंग्टन, मिंगस आणि रोच एकत्र बसून वाजवतात तेही नको. ओळखता येण्यापेक्षा न आवडणं सोपं असतं, आणि माइल्सला तर दोन्ही येत होतं.

साडूंच्या घरी, दादरला, महिन्यातल्या एखाद्या रविवारी ही कसोटी भरते. दाताचे डॉक्टर, भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक, सॉफ्टवेअरमधला एक तरुण आणि कोपऱ्यात मी, पोह्यांसाठी. यजमान पडद्याआड रेकॉर्ड लावतो. पहिली दहा सेकंदं शांतता. मग कोणी नाव घेत नाही! नाव घेतलं की चुकता येतं. त्यापेक्षा आसपास फिरायचं. “वेस्ट कोस्ट वाटतोय.” “ड्रमर ऐका, ५६-५७ असणार.” “हा लेस्टर यंगवर वाढलेला आहे.” प्राध्यापक तर भूगोलवाले, ते थेट अक्षांश-रेखांशावरच येतात. तरुण मुलानं एकदा भाबडेपणानं “डेक्स्टर गॉर्डन?” असं सरळ विचारलं. सगळ्यांनी त्याच्याकडे सोवळ्यात शिवल्यासारखं पाहिलं. तो गॉर्डनच निघाला. मग प्रत्येक जण म्हणाला, “मी तेच म्हणणार होतो.” पुढच्या रेकॉर्डला सगळे मिळून चुकले, तेव्हा डॉक्टरांनी निदान केलं, “प्रेसिंग खराब आहे. याच्यात कोल्ट्रेनसुद्धा ओळखू येणार नाही.”

आणि हे तेच लोक, जे जपानी प्रतीतली बाई आणि अमेरिकन प्रतीतली बाई यांतला फरक सांगतात. छपाई पहिली की दुसरी ते पटकन सांगतात, सॅक्सोफोन कोणाचा ते सांगताना मात्र घाम फुटतो. मी हे एकदा ताईंपाशी बोललो. त्या म्हणाल्या, “यांना माझा आवाज फोनवर ओळखू येत नाही. ‘कोण बोलतंय?’ विचारतात. पण लँडलाइन आहे की मोबाइल, ते बरोबर सांगतात.”

मात्र त्यांची बाजूही घ्यायला हवी, कारण जॅझवाल्यांनी स्वतःच घोळ घालून ठेवलेत. एका कंपनीशी करार असताना दुसऱ्या कंपनीत वाजवायचं तर टोपणनाव घ्यायचं. चार्ली पार्कर, १५ मे १९५३ची टोरोंटोतली मैफल. रेकॉर्डवर ‘चार्ली चॅन’. बायकोचं नाव चॅन. हातात प्लास्टिकचा सॅक्सोफोन. त्याच रात्री शिकागोत रॉकी मार्सियानोची मुष्टियुद्धाची लढत, त्यामुळे सभागृह अर्धं रिकामं. नंतर त्या मैफलीत बास वाजवलेल्या मिंगसनं घरी आल्यावर आपलाच बास नीट ऐकू येत नाही म्हणून पुन्हा वाजवून वर चिकटवला. आता या रेकॉर्डला ओळखायचं म्हणजे नक्की कोणाला ओळखायचं? कॅननबॉल अॅडर्ली एका ब्लू नोटवर ‘बकशॉट ला फंक’ झाला. १९४४च्या लॉस एंजेलिसमधल्या मैफलीत नॅट कोल हा ‘शॉर्टी नदीन’ होता. त्याच्या तेव्हाच्या बायकोचं नाव नदीन. बायकोच्या नावामागे लपण्याची ही रीत पाहून साडू खूष असतात. सर्वांत आळशी गिटारवाला लेस पॉल. त्यानं नाव घेतलं ‘पॉल लेस्ली’. आयकर खात्यालाही इतक्यावर फसवता येत नाही.

आणि काही कोडी तर सुटतच नाहीत. १९२९च्या पॉल व्हाइटमन वाद्यवृंदाच्या काही रेकॉर्डींवर कॉर्नेट कोणाचा? बिक्स बायडरबेकचा, की त्याच्यासारखं वाजवणाऱ्या अँडी सेक्रेस्टचा? बिक्स १९३१ मध्ये गेला, वाद अजून ठणठणीत आहे. उलट २००५ साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये लॅरी अॅपलबॉम जुन्या रेडिओ टेपा पाहत होते. एका डब्यावर कार्नेगी हॉल, १९५७ एवढंच, आणि मागे ‘टी. मंक’ असं काहीसं. वाजवून पाहिलं तर मंकबरोबर कोल्ट्रेन! या दोघांचं एकत्र वादन तोपर्यंत दुर्मिळच. अॅपलबॉमनी कानानं ओळखलं. कान, पत्ता, कमरपट्टा, काही नसताना. आमच्या कंपूत या प्रसंगाची पोथी वाचल्यासारखी पारायणं होतात. डीन बेनेडेट्टीचं नाव निघालं की मात्र सगळे अस्वस्थ होतात. हा पार्करवेडा १९४७-४८ मध्ये क्लबांमध्ये यंत्र घेऊन बसायचा आणि पार्कर वाजवू लागला की सुरू करायचा, दुसऱ्याची पाळी आली की बंद. तासन्‌तास नुसते पार्करचे तुकडे. इतरांना काय वाटलं असेल, असं मी म्हणालो. प्राध्यापक म्हणाले, “टेप वाचवत होता हो बिचारा.”

मागच्या एका रविवारी साडूंनी नवाच डाव टाकला. पडद्याआडून ट्रम्पेट आला. झगझगीत, थोडा आर्मस्ट्राँगच्या वळणाचा. प्राध्यापक न्यू ऑर्लिन्सला पोचले. डॉक्टर “पॅरिस, युद्धानंतर” म्हणाले. तरुणानं चुकायला नको म्हणून मान डोलावली. मग एकदम गाणं सुरू झालं, हिंदी, आणि सगळे फसले. ‘अलबेला’, १९५१. संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं, साहाय्यक गोव्याचा चिक चॉकलेट, ज्याला मुंबईत भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. त्याचा बँड त्या सिनेमात पडद्यावरही दिसतो. आता खरा प्रश्न. पडद्यावर दिसतो, पण रेकॉर्डवर वाजवतोय तो चिकच का? आपल्या सिनेमाच्या रेकॉर्डींवर गायकाचं नाव असे, संगीतकाराचं असे. वाजवणाऱ्याचं नाव कुठं? ताजमहाल हॉटेलात रात्री जॅझ वाजवून सकाळी स्टुडिओत हजर होणारे किती गोवेकर त्या तबकड्यांमध्ये बिननावाचे बसलेत. भिंग काढून उपयोग नाही. त्या मोकळ्या पट्टीत त्यांची खूण कोणी उमटवलेलीच नाही.

वाद पेटला. चिकच, नाही चिक नव्हे, दोन ट्रम्पेट आहेत, एकच आहे पण दोनदा. मग डॉक्टरांचं लक्ष दिवाणावर बसलेल्या आमच्या सासूबाईंकडे गेलं. वय अठ्ठ्याऐंशी. डॉक्टर एकदम उठून त्यांच्यापुढे जाऊन बसले.

“आजी, तुम्ही ‘अलबेला’ तेव्हा पाहिलात? पहिल्या वेळी? थिएटरात?”

“हो तर. भगवानचा. आम्ही सगळ्या मैत्रिणी गेलो होतो.”

खोलीत श्वास थांबले. ओरिजिनल! ना रीइश्यू, ना टेप, ना मध्ये डिजिटल पायरी. साडूंनी स्वतःच्या सासूकडे प्रथमच आदरानं पाहिलं. प्राध्यापकांनी वही काढली.

“मग सांगा ना आजी, हे गाणं लागलं तेव्हा हा ट्रम्पेट कसा वाजला होता? असाच? की याहून जाड?”

“कुठलं काय ऐकू येतंय!” सासूबाई म्हणाल्या. “लोक शिट्ट्या काय मारत होते, पडद्यावर पैसे काय फेकत होते. मी तर खुर्च्यांखाली वाकून पैसे गोळा करत होते.”

“किती मिळाले?” साडूंनी विचारलं. शेवटी कॅशियर.

“साडेतीन आणे. त्यातला एक खोटा निघाला.”